श्रद्धा आणि विज्ञान : वादात शिरण्यापूर्वी

मनमाडच्या रेल्वे कारखान्यात पुलांचे गर्डर तयार होतात. कारखाना म्हटला की खंडेनवमी आलीच. अवजारांना हळदकुंकू लागते, यंत्रांवर झेंडूच्या माळा चढतात. पण गर्डर जोडायला घेतला की छिद्राला छिद्र जुळलेच पाहिजे; तिथे नवस चालत नाही. पूजा करणारे आणि माप घेणारे हात एकच, तरी त्यांचे आपसात भांडण नाही. मग श्रद्धा आणि विज्ञान यांचा वाद कुठे सुरू होतो? या विषयाच्या उंबऱ्यावर उभ्या असलेल्या वाचकाने हा प्रश्न सोबत घेऊनच आत यावे.

माझ्या मते वाद पेटतो तो अधिकारावरून. खरे काय हे कोणी ठरवायचे, आणि ठरवणाऱ्याला ‘कशावरून?’ असे विचारायची मुभा आहे का, हा त्याचा गाभा.

आपल्याकडे हा वाद पंचांगाच्या पानांवरही झाला. जुन्या ग्रंथांच्या गणिताने काढलेली ग्रहस्थाने आकाशातल्या ग्रहांशी जुळेनात, तेव्हा केरो लक्ष्मण छत्रे यांनी 1865 पासून वेधांशी मेळ घालणारे पंचांग काढले. ग्रंथ मोठा की आकाश, असा तो पेच होता. सण योग्य दिवशी यावा ही तळमळ मात्र दोन्ही पक्षांची होती.

डॉ. जयंत नारळीकरांनी 2008 मध्ये फलज्योतिषाची चाचणी घेतली. बुद्धिमान मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका एकत्र करून ज्योतिषांकडे दिल्या आणि कोणती कोणाची ते ओळखायला सांगितले. 27 ज्योतिषांनी प्रत्येकी 40 पत्रिकांची उत्तरे पाठवली. बरोबर उत्तरांची सरासरी 17.25 निघाली, नाणे उडवून ठरवले असते तरी 20च्या आसपास आली असती. इथे निकाल नारळीकरांच्या नावलौकिकाने लागला नाही, मोजणीने लागला.

पण विज्ञानाच्या नावाने चालणारी सत्ताही तपासावी लागते. 1897च्या प्लेगात रोग थोपवण्याचा हेतू रास्त होता. पण पुण्यात गोरे सोजीर घरात घुसून झडत्या घेऊ लागले, तेव्हा लोकांचा विश्वास उडाला.

याच मनमाडला फेब्रुवारी 1938 मध्ये अस्पृश्य रेल्वे कामगारांच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, असे बजावले. शेजारच्या येवल्यात, हिंदू म्हणून मरणार नाही, ही घोषणा त्यांनी 1935 सालीच केली होती. धर्मसत्तेवर असा घाव घालणाऱ्या बाबासाहेबांनी धर्माची गरज मात्र नाकारली नाही. धर्म विवेकाशी, म्हणजेच विज्ञानाशी, सुसंगत हवा अशी अट त्यांनी 1950च्या एका लेखात घातली आणि 1956 साली नागपुरात बौद्ध धम्म स्वीकारला. श्रद्धावान विरुद्ध बुद्धिवादी अशी सोपी विभागणी त्यांना लागू पडत नाही. म्हणूनच या विषयात त्यांना वगळून पुढे जाता येत नाही.

‘कशावरून?’ विचारण्याची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. 20 ऑगस्ट 2013 रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षे झटले, तो त्याच डिसेंबरात विधिमंडळाने मंजूर केला.

तेव्हा वाचकहो, या वादात जरूर उतरा. समोरच्याचे म्हणणे आधी त्यालाही मान्य होईल अशा शब्दांत मांडा, मग पुरावा मागा. आणि तुमच्याकडे कोणी पुरावा मागितला, तर रागावू नका.