शिट्टी कधी वाजली?

पंचाचा निर्णय बरोबर की चूक, यावर वाद घालायला आपल्याला आवडते. तो निर्णय नेमका कोणत्या क्षणी दिला गेला, हे मात्र क्वचितच कुणी विचारतो. जुन्या फुटबॉल सामन्यांचे वृत्तान्त मी गेली अनेक वर्षे वाचतो आहे. कोणत्याही विद्यापीठाशी माझा संबंध नाही. नोकरी सांभाळून हौसेने हे काम चालते. त्या वाचनातून माझे असे मत बनले आहे की, सामना संपवण्याचा क्षण हाही एक निर्णयच असतो, आणि फुटबॉलने तो फार काळ एका माणसाच्या मनगटावर सोपवून ठेवला.

३ जून १९७८ चे उदाहरण घेऊ. विश्वचषकाचा सामना, अर्जेंटिनातले मार देल प्लाता हे शहर. ब्राझील आणि स्वीडन १-१ अशा बरोबरीत होते. अगदी शेवटी ब्राझीलला कॉर्नर मिळाला. नेलिन्योने चेंडू उचलून दिला आणि झिकोने डोक्याने तो जाळ्यात धाडला. पण चेंडू हवेत असतानाच वेल्सचे पंच क्लाइव्ह थॉमस यांनी सामना संपल्याची शिट्टी वाजवली होती. गोल धरला गेला नाही. नियमाच्या अक्षरावर बोट ठेवले तर थॉमस यांना दोष देता येत नाही. वेळ संपल्यावर खेळ लांबवण्याची मुभा फक्त पेनल्टीसाठी आहे, कॉर्नरसाठी नाही. मात्र कॉर्नर घेऊ द्यायचा आणि चेंडू वाटेत असताना खेळ थांबवायचा, ही निवड त्यांची होती.

त्या काही सेकंदांचे पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. तेव्हा विजयाला दोन गुण मिळत. गटात ऑस्ट्रिया आणि ब्राझील दोघांचे चार-चार गुण झाले, गोलफरकही सारखाच राहिला; जास्त गोल केल्यामुळे ऑस्ट्रिया पहिला आला. झिकोचा गोल धरला असता आणि बाकीचे निकाल तेच राहिले असते, तर पाच गुणांसह ब्राझील पहिला ठरला असता. मग दुसऱ्या फेरीत त्याची गाठ इटली, पश्चिम जर्मनी आणि नेदरलँड्सशी पडली असती. प्रत्यक्षात तो अर्जेंटिना, पोलंड आणि पेरू यांच्या गटात गेला. अर्जेंटिनाने पेरूला ६-० असे हरवले आणि गोलफरकावर अंतिम फेरी गाठली. ब्राझील एकही सामना न हरता तिसरा आला. शिट्टी उशिरा वाजती तर ब्राझील जगज्जेता होता, असे मी म्हणणार नाही. पलीकडचा गटही सोपा नव्हता. पण त्या स्पर्धेचा नकाशा निराळा असता, एवढे नक्की.

असे याआधीही घडले होते. १५ जुलै १९३० रोजी, पहिल्याच विश्वचषकात, अर्जेंटिना फ्रान्सविरुद्ध १-० ने पुढे होता. फ्रान्सचा लांजिये गोलकडे धावत असताना ब्राझीलचे पंच अल्मेदा रेगो यांनी सुमारे सहा मिनिटे आधीच सामना संपवला. फ्रेंचांनी आकांत केल्यावर खेळाडूंना परत बोलावून उरलेली मिनिटे खेळवली गेली. पण मोडलेली चढाई परत कशी आणणार?

इतर खेळांनी यावर उपाय शोधला आहे. कबड्डीत वेळ संपली तरी चालू असलेली शेवटची चढाई पुरी होते. क्रिकेटमध्ये सुरू झालेले षटक पूर्ण करतात. बास्केटबॉलमध्ये भोंगा वाजण्याआधी हातातून सुटलेला चेंडू नंतर बास्केटमध्ये पडला तरी धरतात. या खेळांत शेवट एखाद्या घटनेला बांधलेला आहे. फुटबॉलमध्ये तो पंचाच्या अंदाजाला बांधलेला आहे.

आणि अंदाज कलतो. गारिकानो, पालासियोस-ह्युएर्ता आणि प्रेंडरगास्ट या अर्थशास्त्रज्ञांनी स्पेनच्या व्यावसायिक लीगमधले सामने तपासले. यजमान संघ एका गोलने मागे असेल तर पंच जादा वेळ अधिक देत, पुढे असेल तर कमी. फरक मोठा असून निकाल ठरल्यात जमा असेल तेव्हा हा कल दिसत नसे. विजयाला दोनाऐवजी तीन गुण मिळू लागल्यावर तो वाढला. कुणी पैसे खाल्ले असा आरोप त्यात नाही. पंचाने घड्याळ पाहिले ते प्रेक्षकांच्या गलक्यात, इतकेच.

आपल्याकडे लग्नात घटिकापात्र सर्वांसमोर ठेवत. ते बुडाले की मुहूर्ताची घटका भरली, हे वऱ्हाडालाही दिसे. फुटबॉलची घटका भरल्याचे फक्त पंचाला दिसत होते. १९९८ च्या विश्वचषकात जादा मिनिटांचा फलक मैदानाकडेला झळकू लागला, तेव्हा प्रेक्षकाला प्रथमच त्यात डोकावता आले. २०२२ मध्ये कतारला वाया गेलेली मिनिटे काटेकोरपणे मोजायचे ठरले आणि इंग्लंड-इराण सामन्याचे पहिले सत्र चौदा मिनिटे लांबले. लोक वैतागले, मला ते योग्य वाटते. मोजलेला वेळ कंटाळवाणा असेल, पण तो कुणाच्या ओरडण्याने वाढत नाही.

तरीही फलकावरचा आकडा किमान असतो. त्यापुढे किती थांबायचे हे आजही पंचच ठरवतो, आणि चेंडू हवेत असताना शिट्टी वाजवण्याचा थॉमस यांचा अधिकार अजून कुणी काढून घेतलेला नाही.