टाचणी : टाका पडेपर्यंतची सोबत

श्रोतेहो, टाचणीवर व्याख्यान म्हटल्यावर थोडे हसू येणारच. पण आपण जिथे जिथे पिढ्यान्‌पिढ्या नांदलो, तिथल्या शेजाऱ्यांनी या वस्तूला काय नाव दिले ते आधी पाहा. इंदूर-ग्वाल्हेरकडे ती आलपिन. हा शब्द पोर्तुगीज आल्फिनेतवरून आला; गोवेकरांना त्याची ओळख सांगायला नको. बेळगावची कानडी शेजारीण तिला गुंडुसूजि म्हणते आणि हैदराबादची तेलुगू शेजारीण गुंडुसूदि, म्हणजे गोल डोक्याची सुई. बडोद्याची टांकणी आणि आपली टाचणी यांना मात्र कामावरून नाव पडले. टाचणे म्हणजे पक्का टाका पडेपर्यंत कापड तात्पुरते धरून ठेवणे. भाषणाचे ‘टाचण’ही त्याच घरचे, आणि आज माझ्या हातात तेच आहे.

हे ‘तोपर्यंत’ धरून ठेवणे किती परींचे असते, ते पाहायचे तर इंग्लंड-अमेरिकेत क्विल्ट शिवणाऱ्या बाईची पेटी उघडावी. क्विल्ट ही आपल्या गोधडीची लांबची बहीण. वर तुकडे जोडून केलेला थर, मध्ये कापूस किंवा लोकर, खाली अस्तर. तिन्ही थर एकमेकांवरून सरकू पाहतात, म्हणून त्यांतून आरपार जाणारी, पावणेदोन इंच लांबीची बारीक टाचणी लागते. तिचे डोके काचेचे असेल तर इस्त्रीखाली वितळत नाही, प्लास्टिकचे वितळते. कापडावर फुला-पानांचे तुकडे बसवताना हीच लांबी आड येते, हातातला दोरा तिच्यात अडकतो; तिथे अर्ध्या-पाऊण इंचाची आखूड टाचणी. चपट्या डोक्याची असेल तर तिच्यावर पट्टी सपाट बसते आणि कापड सरळ कापता येते. सगळ्या टोचून ठेवायला टोमॅटोच्या आकाराची उशी, आणि तिला लोंबणारी छोटी स्ट्रॉबेरी. या स्ट्रॉबेरीत कुरुंदाची पूड असते. तिच्यात सुई-टाचणी चार वेळा खुपसून काढली की गंज जातो. शोभेची वाटणारी वस्तू खरी कामाची, हे मला फार आवडते.

आज या टाचण्या मूठभर सांडल्या तरी कोणी वाकून वेचत नाही. ही स्वस्ताई फार जुनी नाही, आणि ती फुकटही आलेली नाही. आठव्या हेन्रीच्या काळात, १५४३ मध्ये, इंग्लंडच्या पार्लमेंटला टाचणीचे डोके घट्ट बसवलेले असावे असा कायदा करावा लागला होता. पितळी तार ओढायची, सरळ करायची, तोडायची, टोक घासायचे. डोक्यासाठी दुसरी बारीक तार पिळून तिचे दोन वेढे कापून घ्यायचे आणि ते दांडीवर ठोकून बसवायचे. मग कथलाची कल्हई. शेवटी कागदात टोचून भरणे. १७५५ साली फ्रेंच विश्वकोशाने या कामाच्या अठरा पायऱ्या सांगितल्या. १७७६ मध्ये अ‍ॅडम स्मिथने तेच उदाहरण घेऊन लिहिले की काम वाटून घेतले तर दहा माणसे दिवसाला ४८,००० टाचण्या करतात, एकट्याला वीसही जमणार नाहीत. अर्थशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला हा आकडा पाठ असतो. डोकी बसवायला इंग्लंडमध्ये लहान मुले बसवीत, हे मात्र क्वचितच कोणाला ठाऊक असते. १८४० च्या दशकात तिथे मुलांच्या मजुरीची सरकारी चौकशी झाली, तिच्यात टाचण्यांच्या कामाचाही समावेश होता. श्रमविभागणीचे कौतुक करताना ते श्रम कोणाच्या वाट्याला आले, हेही विचारले पाहिजे.

हे काम यंत्रावर नेणाऱ्यांत जॉन आयर्लंड हाऊ हा अमेरिकन डॉक्टर होता. न्यूयॉर्कच्या अनाथ-गरिबांच्या आश्रयगृहात तो वैद्यकी करी. तिथले लोक हाताने टाचण्या करताना पाहून त्याच्या डोक्यात यंत्र आले. १८३२ मध्ये त्याला पेटंट मिळाले. पुढे दांडी आणि डोके एकाच तारेचे होऊ लागले. म्हणूनच जुन्या गाठोड्यात तारेचे वेढे दिलेल्या डोक्याची टाचणी सापडली, की ती बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या मध्याआधीची, असे जाणकार सांगतात.

सेफ्टी पिनची गोष्ट वेगळी. वॉल्टर हंटने ती १८४९ च्या १० एप्रिलला पेटंट केली आणि, १५ डॉलरचे कर्ज फेडायचे म्हणून, ४०० डॉलरला विकून टाकली. याच हंटने १८३० च्या दशकात शिवणयंत्रही केले होते, पण त्याचे पेटंट घेतले नाही. व्यवहारात बिचारा कच्चाच. पूर्वी क्विल्ट लाकडी चौकटीवर ताणून, भोवती बायका बसून हाताने शिवीत. मशीनवर शिवायचे तर चौकट गेली, आणि थर धरायला शेकडो पिना लागू लागल्या. त्यासाठी मुद्दाम किंचित वाकवलेली सेफ्टी पिन निघाली. ती खालच्या जमिनीला न अडता थरांतून वर येते. हंटच्या दोन कल्पना अशा एका कापडावर भेटल्या.

आपली गोधडी मात्र टाचणीवाचून होत आली. जुनी लुगडी जमिनीवर पसरून ताणली, लांब टाके घातले, की धावदोरा सुरू. टाचणे इथेही आहेच, फक्त ते दोऱ्याने होते. बेळगावजवळ हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बाया कवंद शिवतात, त्यात तर तेही नाही. कोपऱ्यापासून सुरुवात करून एकेक तुकडा बोटाने दुमडायचा आणि तिथल्या तिथे टाका घालायचा. क्विल्टमध्ये सगळे आधी आखून, कापून, मग जोडायचे असते, म्हणून मधला वेळ धरून ठेवणारी वस्तू लागते. कवंदात पुढचा तुकडा कोणता, हे मागचा शिवून झाल्यावर ठरते. कडेकडेने फिरत हात मध्यावर पोचतो. मग चारी कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांची त्रिकोणी ‘फुला’ लावतात. त्यांच्याशिवाय कवंद उघडे समजतात.