स्वयंपाकघरात बसलेल्या बायकांचाही गट झाला



बचत गटाचा हप्ता थकला की कारण विचारावं लागतं. बाई आधी आजारपण सांगते, मग पाहुणे आल्याचं सांगते आणि शेवटी हळूच म्हणते, पैसे दारूत गेले. व्यसनमुक्ती केंद्र असतं, हे आता बऱ्याच जणींना माहीत आहे. पण केंद्रातून घरी आल्यावर माणसानं दर आठवड्याला जिथं जाऊन बसायचं, तो आधार गट फारसा कुणाला माहीत नसतो. आणि त्याच्या बायकोसाठीही वेगळा गट असतो, हे तर त्याहून कमी जणींना. म्हणून आज या दोन्ही गटांचा इतिहास सांगतो.

गोष्ट अमेरिकेतली आहे. न्यूयॉर्कचे बिल विल्सन शेअर बाजारात काम करायचे. दारूनं नोकरी गेली, अब्रू गेली. बायको लोइस दुकानात नोकरी करून घर चालवायची. १९३४ च्या डिसेंबरात बिलची दारू सुटली. पुढच्या मे महिन्यात ते कामासाठी ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन गावी गेले. काम फसलं. परक्या गावात एकटे, खिसा रिकामा आणि हॉटेलातच दारूचा गुत्ता. पाय तिकडं वळण्याआधी त्यांनी फोन गाठला. एका पाद्र्यांकडून काही नावं मिळाली. ते एकेकाला फोन करत गेले. त्यांना आपल्यासारखाच एखादा दारुडा हवा होता, बोलायला.

शेवटी हेन्रिएटा सायबरलिंग नावाच्या बाईंनी त्यांना घरी बोलावलं. गावातले डॉक्टर बॉब स्मिथ दारूपायी बुडत चालले होते. हेन्रिएटा त्यांच्या बायकोची, अ‍ॅनची मैत्रीण. १२ मे १९३५ ला तिनं त्या दोघांची गाठ घालून दिली. डॉक्टर पंधरा मिनिटांच्या बोलीवर आले होते, पण रात्री अकरा वाजून गेले तरी बोलणं चालूच होतं. उपदेश त्यांनी आजवर पुष्कळ ऐकला होता. इथं मात्र समोरचा माणूस स्वतःचीच हकिगत सांगत होता. १० जून १९३५ ला डॉक्टरांनी शेवटचा घोट घेतला. तोच दिवस अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे एए, या संस्थेचा स्थापना दिवस मानतात.

आता लोइसकडं वळू. नवऱ्याची दारू सुटली, म्हणजे तिचं दुःख संपायला हवं होतं. पण एका संध्याकाळी बिलनं सभेला चल, घाई कर, असं म्हटल्यावर तिनं हातातला बूट त्यांच्या अंगावर भिरकावला. मग तिचं तिलाच नवल वाटलं, की आता कसला राग? इतकी वर्षं त्याला सावरण्यातच तिचा जन्म गेला होता. स्वतःचं असं काही उरलंच नव्हतं. पुरुषांच्या सभा चालायच्या, तेव्हा बायका स्वयंपाकघरात चहा-कॉफी करत बसायच्या. तिथं त्या एकमेकींशी बोलू लागल्या. असे घरच्यांचे गट गावोगाव होत गेले. १९५१ साली लोइस आणि अ‍ॅन नावाच्या एका मैत्रिणीनं ते एकत्र जोडले. त्यालाच अ‍ॅल-अनॉन म्हणतात. नवरा पीत असो वा सुटलेला असो, बायकोला तिथं जाता येतं.

भारतात एएची सुरुवात १९५७ साली दिल्लीत झाली. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण सुरू केलं. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्याला आर्थिक हातभार लावला. तिथंही बायकांसाठी ‘सहचरी’ गट आहे.

या गटात काय होतं? सगळे गोल करून बसतात. एकेक जण आपलं सांगतो, बाकीचे ऐकतात. मधे कुणी बोलत नाही, सल्ला देत नाही. नुसतं नाव सांगायचं, आडनाव नाही. ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही. फी नसते. चहा आणि जागेच्या भाड्यासाठी पिशवी फिरते, जमेल ते टाकावं. दारू सोडायची इच्छा, एवढीच अट. जन्मभराची शपथ कुणी घालत नाही. फक्त आजचा दिवस प्यायचं नाही, एवढंच. काही सभा खुल्या असतात, तिथं घरच्यांनाही बसता येतं.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम दारू बंद केली, तर हातपाय थरथरतात, भ्रम होतो, झटकेही येतात. त्यात जीव जाऊ शकतो. म्हणून आधी डॉक्टर, मग गट.

गट शोधायचा कुठं? सरकारच्या १४४४६ या फुकट क्रमांकावर विचारा. जिल्हा रुग्णालयात विचारा, जवळच्या व्यसनमुक्ती केंद्रात विचारा. मग सभेचा वार, वेळ आणि जागा आपल्या गटाच्या वहीत लिहून ठेवा.

आणि तो येत नसेल तर? तर तुम्ही जा. पहिल्या खेपेला एकटीला जड जातं, म्हणून गटातल्या दोघी मिळून जा. एसटीचं भाडं कुणाकडं नसेल तर गटातून द्या. आपण शेळीसाठी कर्ज देतो, मग बाईच्या जिवासाठी पन्नास रुपये द्यायला कसली अडचण?