पावकीपासून औटकीपर्यंत : व्यवहारी गणिताची कथा

बाजारांत माल देणारा आणि माल घेणारा समोरासमोर उभे राहिले म्हणजे त्या दोघांमध्यें तिसरी एक गोष्ट असावी लागते. ती म्हणजे दोघांनाही मान्य असलेलें माप. पण माप मान्य असूनही त्यावरून दाम किती झाला हें दोघांपैकीं एकालाच काढतां येत असेल, तर त्या मापाचा न्याय एकाच्याच पदरांत पडतो. महाराष्ट्रांतील व्यवहारी गणिताचा इतिहास या दोन प्रश्नांचा इतिहास आहे : मापें कोणीं ठरविलीं, आणि हिशेब कोणाला आला?

या इतिहासाचा एक जुना व बोलका पुरावा खानदेशांत चाळीसगांवाजवळ पाटण येथें दगडावर कोरलेला आहे. हा शिलालेख शके ११२८ चा, म्हणजे इ. स. १२०७ मधला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरीं ज्योतिषी होता. आजोबांच्या सिद्धांतशिरोमणि आदि ग्रंथांचें अध्ययन चालावें म्हणून त्यानें येथें मठ स्थापिला, आणि निकुंभ वंशांतील सोइदेव या मांडलिक राजानें त्या मठाला उत्पन्न लावून दिलें. लेखाचा बराच भाग संस्कृतांत आहे. देणग्यांचा कांहीं तपशील मात्र लोकांच्या भाषेंत, मराठींत आहे. पाटण येथें जें मापावयाचें तें मठाच्या मापानें मापावें, मापणावळीचा अर्धा भाग मठाला व अर्धा मापाऱ्याला मिळावा, घाण्यामागें पळी पळी तेल मठाला द्यावें, अशी ती व्यवस्था. ग्रहांच्या गति शिकविणारी पाठशाळा अशा रीतीनें बाजारच्या मापावर पोसली जात होती. शास्त्र आणि बाजार यांची इतकी उघड सोयरीक क्वचितच पाहावयास मिळते.

आणि ही सोयरीक मूळ ग्रंथांतही आहे. भास्कराचार्यांचा जन्म इ. स. १११४ चा, त्यांची लीलावती इ. स. ११५० च्या सुमाराची. या ग्रंथाचा आरंभ बेरीज-वजाबाकीनें होत नाहीं. तो होतो कोष्टकांनीं. वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म, सोळा द्रम्मांचा एक निष्क. चोवीस अंगुळांचा एक हात, चार हातांचा एक दंड. आधीं जग कशानें मोजतात तें सांगावयाचें आणि मग संख्यांचे व्यवहार शिकवावयाचे, असा हा क्रम आहे.

या व्यवहारांचा कणा म्हणजे त्रैराशिक. प्रमाण, फल आणि इच्छा या तीन राशि. प्रमाण आणि इच्छा एकाच जातीच्या असाव्यात. फल निराळ्या जातीचें. फलाला इच्छेनें गुणावें, प्रमाणानें भागावें, कीं इच्छेचें फल मिळतें. केशराच्या एका उदाहरणांत निष्काच्या तीन सप्तमांशाला अडीच पळें हा भाव दिला असून नऊ निष्कांत किती केशर येईल हें विचारलें आहे. अडीच गुणिले नऊ म्हणजे साडेबावीस. त्यांना तीन सप्तमांशानें भागलें कीं साडेबावन्न पळें. चार कर्षांचें एक पळ, तेव्हां उत्तर बावन्न पळें दोन कर्ष. तोंडी हिशेबाचें सारें मर्म येथें आहे. प्रश्न शब्दांत येतो. त्यांतील कोणती राशि कोणत्या जागीं बसवावयाची हें ओळखलें, कीं उरलेलें काम केवळ गुणाकार-भागाकाराचें.

मात्र सर्वच प्रश्न या साच्यांत सरळ बसत नाहींत. माप मोठें झालें कीं मापांची संख्या कमी होते. म्हणून भास्कराचार्यांनीं व्यस्त त्रैराशिक वेगळें सांगितलें. सात आढकांच्या मापानें धान्याची रास शंभर मापें भरत असेल, तर पांच आढकांच्या मापानें ती एकशें चाळीस मापें भरेल. हें उदाहरण वरवर साधें आहे. परंतु घेतांना एक माप आणि देतांना दुसरें माप वापरणाऱ्या व्यापाऱ्याची लबाडी पकडण्याचें साधनही तेंच आहे.

जमिनीच्या मोजणींत हीच परंपरा पुढें चाललेली दिसते. लीलावतींत दहा हातांचा एक वंश, आणि ज्या चौरसाची प्रत्येक बाजू वीस वंश तें निवर्तन. यानंतर पांचशें वर्षांनीं शिवछत्रपतींच्या राज्यांत अण्णाजी दत्तो यांनीं मोजणी केली, तिचें मान सतराव्या शतकाच्या शेवटीं लिहिलेल्या सभासद बखरींत नोंदलेलें आहे. पांच हात व पांच मुठी मिळून एक काठी. वीस काठ्या लांब व वीस काठ्या रुंद तो बिघा. एकशें वीस बिघ्यांचा एक चावर. लांबीचें मान बदललें, पण वीसाला वीस हा आंखणीचा ढंग राहिला. हात आणि मूठ हीं मापें माणसागणिक बदलणारीं. म्हणून हात चौदा तसूंचा आणि काठी ब्यायशीं तसूंची असें ठरवून टाकलें होतें. पांच हातांचे सत्तर तसू, उरलेले बारा तसू पांच मुठींचे. लांब हाताचा मोजणीदार आला म्हणून शेत लहान होऊं नये आणि आंखूड हाताचा आला म्हणून सारा वाढूं नये, ही त्यामागची दक्षता.

आतां हा हिशेब शिकविणाऱ्या शाळेकडे वळूं गेलें तर पंतोजींची शाळा डोळ्यांपुढें येते. धुळीच्या पाटीवर अक्षरें गिरवावयाचीं आणि संध्याकाळीं एका सुरांत पाढे म्हणावयाचे. तिसापर्यंतचे पाढे झाले कीं खरी कसोटी लागे ती अपूर्णांकांच्या पाढ्यांत. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. औट म्हणजे साडेतीन. संस्कृतांतील ‘अर्धचतुर्थ’ शब्द झिजत झिजत औट झाला. चौथ्याचा अर्धा, म्हणून साडेतीन. दीड आणि अडीच हे शब्दही अशाच घडणीचे. इंग्रजी पद्धतीनें शिकलेल्या पुढील पिढ्यांनीं या पाढ्यांना पोपटपंची म्हणून नांवें ठेविलीं. पण हेच अपूर्णांक कां निवडले, याचा विचार केल्यास ती निंदा अन्यायाची ठरते.

धान्याचीं मापें पाहावींत. दोन निळव्यांचें एक कोळवें, दोन कोळव्यांचें एक चिपटें, दोन चिपट्यांचें एक मापटें, दोन मापट्यांचा एक शेर, चार शेरांची एक पायली. सगळी रचना दुपटीची. याचें कारण उघड आहे. दोन सारख्या भांड्यांत धान्य सारखें ओततां येतें, दोरी दुमडून तिचा मध्य काढतां येतो. दहा सारखे भाग करणें मात्र उपकरणावांचून अवघड. नाण्याचीही तीच तऱ्हा. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. अर्ध, पाव, पाऊण हेच जेथें रोज भेटणारे अपूर्णांक, तेथें त्यांचेच पाढे असावयाचे.

अडीचकीची गोष्ट तर अधिक रंजक आहे. मणाचे शेर चाळीस आणि रुपयाचे आणे सोळा. चाळिसांना सोळांनीं भागलें कीं अडीच येतात. म्हणून जितक्या रुपयांना मण, तितक्या आण्यांना अडीच शेर. मण बारा रुपयांना असेल तर अडीच शेर बारा आण्यांना आणि पांच शेर दीड रुपयाला. शेराच्या छटाकाही सोळाच. तेव्हां जितके रुपये शेराला तितके आणे छटाकेला. दुकानदाराचा मुलगा हें त्रैराशिक न मांडतां, बोटही न हलवितां सांगे. मापें, नाणें आणि पाढे हीं तीनही एकमेकांसाठीं घडलेलीं होतीं.

या व्यवस्थेला मोठें वैगुण्यही होतें. मण हें नांव एक, पण वस्तु अनेक. पायल्यांचा मण कोठें बाराचा, कोठें सोळाचा. मुंबईचा मण अठ्ठावीस पौंडांचा, तर रेल्वेचा मण ब्यायशीं पौंडांहून थोडा अधिक. दोघांचेही शेर चाळीसच. १९३९ च्या कायद्यानें एकशें ऐंशीं ग्रेनांचा तोळा, ऐंशीं तोळ्यांचा शेर आणि चाळीस शेरांचा मण हीं मानें ठरविलीं. पण गांवोगांवचीं जुनीं मापें त्यामुळें एकदम नाहींशीं झालीं नाहींत. जो गांवाबाहेर पडत नसे त्याला आपलेंच माप ठाऊक. जो चार बाजार हिंडे त्याला सगळीं ठाऊक. या अंतराची किंमत शेतकरी देत आला.

आणि पंतोजींच्या शाळेंत तरी बसत कोण? पांढरपेशांचीं आणि व्यापाऱ्यांचीं मुलें. नांगर धरणाऱ्याच्या आणि अस्पृश्य मानलेल्या घरांतल्या मुलाला, आणि कोणत्याही घरच्या मुलीला, औटकी ऐकूं आली तर ती बहुधा दुरूनच. याचा परिणाम कर्जाच्या व्यवहारांत दिसतो. रुपयास दरमहा एक पैसा हें व्याज ऐकावयास किती हलकें वाटतें! पण वर्षाचे बारा पैसे म्हणजे रुपयास तीन आणे, म्हणजे शंभरास पावणेएकोणीस रुपये. नुसत्या सरळ व्याजानेंही चौसष्ट महिन्यांत, पांच वर्षें चार महिन्यांत, मुद्दलाइतकें व्याज चढतें. मग जुनें व्याज मुद्दलांत मिळवून नवा रोखा लिहिला कीं व्याजावर व्याज सुरू. ज्याला चौसष्टाचा पाढा येत नाहीं त्यानें अंगठा उठवावयाचा आणि जें वाचून दाखवितील तें खरें मानावयाचें.

१२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें या मुकेपणाचा स्फोट झाला. शेतकऱ्यांनीं सावकारांच्या घरांवर व दुकानांवर हल्ले केले. पुणें आणि अहमदनगर जिल्ह्यांत दंगा पसरला. त्यांत विशेष हें कीं, जमावाचा रोख माणसांपेक्षां कागदांवर होता. रोखे मागून घेऊन जाळण्यांत आले. ज्या हिशेबाची तपासणी करणें हातीं नव्हतें, त्या हिशेबाला आग लावणें एवढेंच हातीं होतें. सरकारनें चौकशीसाठीं मंडळ नेमलें, आणि पुढें १८७९ मध्यें दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीं कर्जनिवारणाचा कायदा झाला. त्यानें न्यायाधीशाला रोख्याच्या मागें जाऊन व्यवहाराचा मूळापासून इतिहास पाहावयास सांगितलें, मुद्दल आणि व्याज यांचीं खातीं वेगळीं मांडावयास सांगितलें. पैसे फेडल्याची पावती व हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्क शेतकऱ्याला दिला. कायदा उपकारक होता. तथापि हातीं आलेला उतारा बरोबर कीं चूक हें तो कायदा शेतकऱ्याला वाचून दाखवूं शकत नव्हता.

ही उणीव जोतीराव फुले यांनीं नेमकी हेरली होती. १८८२ मध्यें हंटर शिक्षणमंडळापुढें दिलेल्या निवेदनांत त्यांनीं प्राथमिक शिक्षणांत काय असावें तें सांगितलें : मोडी व बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल व व्याकरण यांची तोंडओळख, शेतीचें प्राथमिक ज्ञान, नीति आणि आरोग्य. या यादींत हिशेबाला अगदीं आरंभीं, अक्षरांच्या शेजारीं जागा मिळाली आहे. ज्या समाजाच्या जमिनी आंकड्यांनीं गेल्या, त्याच्या मुलांना आंकडे हें संरक्षणाचें साधन होय, हा त्यांतील अर्थ.

इंग्रजी अमलांतील मोजणीनेंही आंकड्याचें महत्त्व वाढविलें. प्रिंगल यांची पहिली मोजणी चुकांमुळें व गैरप्रकारांमुळें टाकून द्यावी लागली; मग गोल्डस्मिड आणि विंगेट यांनीं १८३५ पासून इंदापुरांत नव्यानें काम आरंभिलें. मुंबई इलाख्यांतील मोजणीची सांखळी तेहतीस फुटांची; पण तिचे भाग मात्र सोळा, आणि त्यांचें नांव आणे! सांखळीभर लांब आणि सांखळीभर रुंद तो गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. विलायती फूट आणि देशी आणा यांचा हा संसार पुढें फार दिवस टिकला.

स्वातंत्र्यानंतर सारेंच पालटलें. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. १९५६ च्या कायद्यानें मीटर, किलोग्रॅम आणि लिटर स्वीकारले गेले. ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्यानें मण-शेर मागें हटले आणि १९६२ पर्यंत वजनांचा बदल पुरा झाला. एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे. त्यामुळें आरंभीं सुट्या पैशांत फार घोळ झाला. पण गल्लोगल्लीच्या मणांचा जाच संपला आणि दशांशाच्या सोयीनें हिशेब सोपा झाला. अडीचकीची गुरुकिल्ली मात्र ज्या कुलपाची होती तें कुलूपच उरलें नाहीं.

म्हणून पावकी-औटकी विसरली गेली याचा अति खेद करण्याचें कारण नाहीं. तिच्यामागची दृष्टि विसरली जाणें मात्र घातक आहे. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरांत लिहिलेलें असतें आणि सौदा गुंठ्यांत बोलला जातो. चाळीस आर म्हणजे चाळीस गुंठे नव्हेत, साडेएकोणचाळीसांहून थोडे अधिक होत. सावकार अजूनही दरमहा शेंकडा दोन असें बोलतो, आणि तें वर्षाला शेंकडा चोवीस होतें हें ऐकणाऱ्यानें स्वतः गुणून पाहावयाचें असतें. पाटणच्या मठाचें माप आतां कोणी वापरीत नाहीं. परंतु प्रमाण कोणतें, फल कोणतें आणि इच्छा कोणती, हें अंगठा उठविण्यापूर्वीं ज्याला ओळखतां येतें, त्याच्यापुढें मांडलेला हिशेब सहसा खोटा राहूं शकत नाहीं.