शस्त्रवैद्याचें मोल

वैद्याच्या श्रमाचें न्याय्य मोल किती, हा प्रश्न आजचा नव्हे. इसवी सनापूर्वीं सुमारें 1750 च्या काळांत बाबिलोनचा राजा हम्मुराबी यानें आपले कायदे एका काळ्या शिळेवर कोरविले. ती शिळा पॅरिस येथील लूव्र संग्रहालयांत आहे. शस्त्रवैद्यानें डोळ्यावरील गांठ कापून डोळा वांचविला, तर कुलीन नागरिकानें 10 शेकेल चांदी द्यावी, सामान्य माणसानें 5, आणि दासासाठीं त्याच्या धन्यानें 2, असें तींत सांगितलें आहे. शस्त्र तेंच, कौशल्य तेंच. मोल मात्र रोग्याच्या पायरीप्रमाणें.

ही दृष्टि उदार वाटते. परंतु त्याच शिळेवर मजुराचा रोजही बांधलेला आहे: दिवसाला फार तर 6 दाणे चांदी. शेकेल म्हणजे 180 दाणे. तेव्हां सामान्य माणूस मोलमजुरी करणारा असेल, तर त्याचे 5 शेकेल म्हणजे 150 दिवसांची मजुरी! राजानें पायरी पाहिली, पोट पाहिलें नाहीं.

आपल्या देशांत फेब्रुवारी 2017 मध्यें सरकारनें हृदयाच्या रक्तवाहिनींत बसवावयाच्या औषधलेपित स्टेंटची कमाल किंमत 29,600 रुपये ठरविली. हा दर सर्वांना एकच होता, आणि हें पाऊल मोठें होतें यांत शंका नाहीं. तरीही रोज 200 रुपये मिळविणाऱ्यास ही रक्कम म्हणजे 148 दिवसांची मजुरी. दर बांधणें हा न्यायाचा केवळ आरंभ होय. उरलेला भार कोणीं उचलावा, हें समाजानें ठरविल्यावांचून तो न्याय पुरा होत नाहीं.