ठिपक्यापेक्षा लहान हिसका

१९०६च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपानंतर ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट या भूवैज्ञानिकाने एका कुंपणाचा फोटो काढला. सरळ आलेलं कुंपण मधेच तुटून साडेआठ फूट बाजूला पुन्हा सुरू झालं होतं. जमीन किती सरकली हे सांगायला टेप पुरे. पण जिथे कुंपणच नाही तिथे?

२८ जून १९९२ला कॅलिफोर्नियातल्या मोहावी वाळवंटात, लँडर्सला, ७.३ तीव्रतेचा भूकंप झाला. फ्रान्सच्या दिदिए मासोने यांच्या गटाने ईआरएस-१ उपग्रहाची आधीची आणि नंतरची रडारचित्रं एकमेकांशी ताडली. त्यातून रंगीत पट्ट्यांचा नकाशा तयार झाला. एक पट्टा म्हणजे उपग्रहाच्या रोखाने २८ मिलिमीटर सरक. जुलै १९९३मध्ये तो नकाशा ‘नेचर’च्या मुखपृष्ठावर झळकला. कौतुक रास्तच होतं, पण ऐन भेगेजवळ पट्टे इतके दाटतात की मोजताच येत नाहीत. आणि कुंपण तुटतं ते नेमकं तिथेच.

तिथे उपयोगी पडला ‘दोन चित्रांतला फरक ओळखा’ हा पोरखेळ. अमेरिकेत रॉबर्ट क्रिपन यांनी त्याच लँडर्सची ‘स्पॉट’ उपग्रहाने काढलेली साधी कृष्णधवल छायाचित्रं ताडली. प्रतिमा आणि भूमापन यांची सांगड घालून या पद्धतीला ‘इमेजॉडसी’ असं काहीसं जिभेला अडखळवणारं नाव मिळालं. या छायाचित्रांतला एक ठिपका, म्हणजे पिक्सेल, जमिनीवरच्या १० मीटरचा, आणि जमीन सरकलेली फार तर ६ मीटर! तरीही सरक कळते, कारण इथे एकटा ठिपका पाहत नाहीत. ठिपक्यांचा अख्खा चौकोन उचलून दुसऱ्या चित्रावर केसाकेसाने सरकवतात आणि उजेड-सावलीची नक्षी कुठे सर्वांत चांगली जुळते ते गणिताने शोधतात. ठिपक्याच्या दहाव्या हिश्शाइतका फरकही असा हाती लागतो.

खरी डोकेदुखी वेगळीच होती. उपग्रह जरासा डुलला किंवा डोंगर दुसऱ्या कोनातून टिपला गेला, तरी जमीन सरकल्याचा भास होतो. अमेरिकेतल्या कॅल्टेक या संस्थेत लेप्रँस, आव्वाक आणि सहकारी संशोधकांनी हे भास गाळणारी ‘कोसी-कॉर’ प्रणाली रचली. तिचा शोधनिबंध २००७चा.

८ ऑक्टोबर २००५च्या काश्मीर भूकंपात आव्वाक यांच्या गटाने याच पद्धतीने दुर्गम डोंगरांतली ७५ किलोमीटरची भेग आखली. तिथे जमीन सरासरी ४ मीटर सरकली होती. ज्या चित्रांवरून हे मोजलं, त्यांतला एकेक ठिपका १५ मीटरचा होता.