कोल्हापूर : मल्ल, नट आणि मिस्त्री

कोल्हापुरात खासबाग कुस्ती मैदान आणि केशवराव भोसले नाट्यगृह एकमेकांना लागून आहेत. दोन्ही वास्तू राजर्षी शाहू महाराजांच्या काळातल्या. १९०२ साली विलायतेच्या प्रवासात महाराजांनी रोमचे कलोसियम पाहिले होते. १९१२ साली खासबाग तयार झाले. मधोमध आखाडा आणि भोवती बशीसारखा चढत गेलेला उतार, त्यामुळे कुठेही बसले तरी पुढच्याचे डोके आड येत नाही. १९१५ साली शेजारी पॅलेस थिएटर उघडले. आज त्याला केशवराव भोसले यांचे नाव आहे.

इथल्या नामवंतांना जन्मगाव विचारू लागले, तर बरीच नावे यादीतून गळतील. जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादियाखाँ राजस्थानातून आले आणि १८९५ पासून महाराजांच्या निधनापर्यंत दरबारगायक होते. केशवराव मात्र जन्माने कोल्हापूरचे. लहानपणीच रंगभूमीवर गेलेल्या या नटाने १९०८ साली हुबळीत ‘ललितकलादर्श’ मंडळी काढली. जुलै १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत झालेल्या ‘मानापमान’ नाटकाच्या संयुक्त प्रयोगात ते धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी ते गेले.

नाटकांचे पडदे रंगवणाऱ्यांतूनच चित्रपट आला. बाबूराव आणि आनंदराव हे मिस्त्री घराण्यातले चुलतभाऊ. पडदे रंगवून ‘पेंटर’ हेच आडनाव झाले. परदेशी कॅमेरा परवडेना, म्हणून त्यांनी तो स्वतःच घडवायला घेतला. १९१६ साली आनंदराव वारले. अर्धवट राहिलेले यंत्र बाबूरावांनी शिष्य दामले यांच्या मदतीने पुरे केले. भांडवल तानीबाई कागलकर या गायिकेने दिले. चित्रपटाच्या इतिहासात त्यांचे नाव फारच कमी वेळा घेतले जाते. महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० साली झळकला. याच कंपनीत तयार झालेले दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर यांनी सीतारामपंत कुलकर्णी यांना बरोबर घेऊन १९२९ साली ‘प्रभात’ काढली. मराठीतला पहिला बोलपट ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) कोल्हापुरातच झाला. पुढच्या वर्षी प्रभात पुण्याला गेली, तरी भालजी पेंढारकरांच्या जयप्रभा स्टुडिओने शहरातले चित्रीकरण चालू ठेवले. १९४८ मध्ये गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत तो जळाला आणि भालजींनी तो पुन्हा उभा केला.

कुस्तीची मुळे गल्लीतल्या तालमीत. हौद्यातल्या तांबड्या मातीत हळद, ताक, तेल, लिंबू मिसळतात. पहाटे जोर-बैठका, मग लढत, मग खुराक. गंगावेस, शाहूपुरी, मोतीबाग या तालमींत गावोगावची पोरे येऊन राहत. पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे (१९५९) मूळचे एकसंब्याचे, गणपतराव आंदळकर (१९६०) शिराळा तालुक्यातले. दोघेही घडले कोल्हापुरात. पुढे याच तालीम मंडळांनी फुटबॉलचे संघ काढले. पाटाकडील किंवा खंडोबा तालमीचा सामना असला, की अख्खी पेठ शाहू स्टेडियमवर लोटते.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला आणि खाशाबा सहावे आले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकपर्यंत संस्थान विलीन झालेले होते. तेव्हा माजी प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले, बाकी वर्गणी जमली. हेलसिंकीत मिळालेले कांस्य हे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक ठरले.

नंतर शहराचे नाव नेमबाजीत झाले. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात विश्वविजेती ठरली. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ साली पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्य जिंकले. खाशाबांनंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळायला ७२ वर्षे लागली. स्वप्निलचे प्रशिक्षण मात्र नाशिकची क्रीडा प्रबोधिनी आणि पुण्याचे बालेवाडी संकुल इथे झाले.